कालबाह्य, पण चालू

एका शब्दासाठी माणसं किती भांडू शकतात हे बघायचं असेल तर चार सुशिक्षित मराठी माणसांना एका कामाला लावावं. आम्ही तर चारही नव्हतो, तिघंच होतो. तरी एका शब्दानं आमचा अख्खा पावसाळा खाल्ला, आणि त्या शब्दापायी वेल्ह्याकडच्या एका शाळेतले पाच कॉम्प्युटर तांदळाच्या पोत्यांखाली जाता जाता वाचले. आजही कुणी माझ्यासमोर 'कालबाह्य' म्हटलं की माझी कानशिलं तापतात.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. भोरमध्ये एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर मी. खालून वार्निशचा वास यायचा आणि वरून माझा आवाज जायचा. दुकानवाले चाचा म्हणायचे, "मॅडम, तुमचा धडा मलापण पाठ झालाय, सर्टिफिकेट द्या."

तेव्हा मला एक खूळ लागलं होतं. फुकट मिळणारी एक कॉम्प्युटर प्रणाली मराठीत आणायची. म्हणजे पडद्यावर 'फाईल उघडा', 'बंद करा' हे सगळं आपल्या भाषेत. याचं काम जगभर हौशी लोक करायचे, मराठीचं आम्ही तिघं. एक पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, त्यांना आम्ही काका म्हणायचो. दुसरा बंगळूरला नोकरी करणारा एक इंजिनिअर. तिसरी मी, भोरची. मला ते दोघं ताई म्हणायचे. काकाही ताई म्हणायचे. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण भांडताना ताई म्हटलं की जोर येतो.

आमचं सगळं ई-मेलवर चालायचं. काका शुद्ध मराठीचे कडवे पुरस्कर्ते, आणि ई-मेल मात्र रोमन लिपीत लिहायचे, कारण त्यांच्या मशीनवर मराठी अक्षरं उमटायची नाहीत. 'bhashechi shuddhata' वगैरे. ते वाचताना मला आधी हसू यायचं, मग डोकं दुखायचं.

तर त्या प्रणालीत एक भाग असतो, तो सगळी पॅकेजं सांभाळतो. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका गाठोड्यात बांधलेलं. कुठलं गाठोडं मशीनवर आहे, कुठलं नाही, कुठल्याची नवी आवृत्ती निघाली आहे, हे तो भाग एखाद्या स्टोअरकीपरसारखा सांगतो. प्रत्येक गाठोड्यापुढे एक शब्द येतो, त्याची अवस्था. त्यातलीच एक अवस्था इंग्रजीत 'आऊटडेटेड'. तिचा अर्थ एवढाच, की तुमच्याकडचं छान चालतंय, फक्त याच्यापेक्षा नवं निघालंय. बस. एवढा साधा निरोप.

त्याला मराठीत काय म्हणायचं?

काकांनी लिहिलं, कालबाह्य. इंजिनिअरनं लिहिलं, आऊटडेटेडच ठेवा की, सगळ्यांना कळतं. मी लिहिलं, 'जुनी आवृत्ती'. काकांचं उत्तर आलं की 'जुनी' या शब्दातून जीर्णतेचा बोध होतो. मी विचारलं, आणि कालबाह्यमधून कसला होतो, ताजेपणाचा? त्यावर काकांनी दोन पानं लिहिली. रोमनमध्ये. ती मी वाचायला बसले आणि मध्येच फोनची लाईन गेली, आणि तिच्यावर चालणारं इंटरनेटही. भोरला तेव्हा लाईन जायला पावसाचा थेंबही लागायचा नाही, ढग दिसला तरी पुरे.

आणखी एक गोंधळ होता. इंग्रजीत दुसरी एक अवस्था होती, 'ऑब्सोलीट'. म्हणजे हे गाठोडं आता कुणी बनवतच नाही, गाठोडी जिथून मिळतात त्या कुठल्याच भांडारात मिळत नाही, तुमच्याकडे आहे ते शेवटचं. ही खरी काळजीची गोष्ट. तिला काकांनी नाव दिलं 'अप्रचलित'. आता मला सांगा, कालबाह्य आणि अप्रचलित या दोनांत जास्त वाईट कोणतं? मी माझ्या क्लासमधल्या बारा मुलींना विचारलं. निम्म्या म्हणाल्या कालबाह्य, निम्म्या म्हणाल्या, मॅडम, हे परीक्षेला आहे का?

मी काकांना तसं कळवलं. काकांनी विचारलं, "नमुना प्रातिनिधिक होता का?"

लाईन आठ दिवस बंद होती, तेवढ्यात त्या दोघांनी मतदान उरकून घेतलं. इंजिनिअर म्हणाला, ताई, मला ऑफिसात काम होतं, काकांशी भांडायची ताकद नव्हती, मी हो म्हटलं. झालं. कालबाह्य. मराठी भाषेच्या दोन प्रतिनिधींनी एकमतानं मंजूर केलं, आणि तिसरी ढगाखाली बसली होती.

आता शाळेकडे येते.

वेल्ह्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक माध्यमिक शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिका बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, काटक, आणि मागायला न लाजणाऱ्या. पुण्यातल्या एका कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा बाई तिथं जाऊन बसल्या आणि पाच मशीन घेऊनच उठल्या. एक खोली रिकामी केली, तिला चुना मारला, टेबलं गावातल्या सुताराकडून करून घेतली. मग माझ्याकडे आल्या.

"ताई, आमची पोरं दहावी झाली की भोरच्या कॉलेजात जातात," बाई म्हणाल्या. "तिथं कॉम्प्युटरच्या तासाला मागं उभी राहतात. माऊसला हात लावत न्हाईत. एक मुलगी तर परत घरी आली, म्हणाली मला नको ते कॉलेज. मला दुसरं काही नको. माझी पोरं त्या खोलीत शिरताना घाबरायला नकोत. आणि इंग्रजी बघूनच ती निम्मी घाबरतात, तर तुमचं ते मराठीवालं बसवून द्या."

मी बसवून दिलं. पाचही मशीनवर मराठी. मुलांनी 'उघडा' वाचलं आणि उघडलं, 'बंद करा' वाचलं आणि बंद केलं. मला इतका आनंद झाला की मी काकांनाही माफ केलं. शाळेत फोन नव्हता, इंटरनेटचं नावच नको. म्हणून पुण्याहून नवी सीडी आली की मी तिच्यातली भांडाराची यादी त्या मशीनवर चढवायची. यादी नवी, गाठोडी जुनी, कारण सगळी गाठोडी बदलायची गरजच नव्हती. मशीन यादी वाचायचं आणि प्रामाणिकपणे शंभरेक ओळींपुढे लाल अक्षरांत लिहायचं: कालबाह्य, कालबाह्य, कालबाह्य.

मुलांना त्याचं काही नव्हतं. पण दिवाळीनंतर वार्षिक तपासणी आली.

तपासणीला आलेले साहेब भले गृहस्थ होते, हे आधी सांगते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे. सफारी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. शाळेतल्या वस्तूंची तपासणी करताना त्यांचा नियम साधा होता. डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या रजिस्टरला वस्तू आहे, तर ती एकतर वापरात असेल नाहीतर कालबाह्य असेल. कालबाह्य असेल तर तिचा वापर थांबवायचा, ती बाजूला ठेवायची, कमिटी बसवायची, ठराव करायचा, निर्लेखन करायचं, म्हणजे रजिस्टरातून नाव काढायचं, आणि लिलाव. मोडक्या बाकापासून फुटक्या पृथ्वीगोलापर्यंत सगळ्याला हाच रस्ता. त्या साहेबांसमोर बाईंनी मोठ्या अभिमानानं कॉम्प्युटर सुरू केला, आणि एका उत्साही मुलानं नेमकी पॅकेजांची खिडकी उघडली, कारण त्याला ती लाल अक्षरं आवडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा वेल्ह्याच्या एसटीडी बूथवरून फोन.

"ताई, खोलीला कागद चिकटवलाय. सही-शिक्क्याचा."

"कसला कागद?"

"संगणक संच कालबाह्य असल्याचे संगणकावरच दिसून आले. सबब वापर तात्काळ थांबवावा. खोली पोषण आहाराच्या धान्यसाठ्यासाठी वापरावी." बाईंनी एका दमात वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "तांदूळ पंधरा दिवसांत येतोय. एकदा तांदूळ आत शिरला ना ताई, तो बाहेर निघत न्हाई. पोरं निघतात."

मी क्लास बंद केला. खाली चाचांना म्हटलं, कुणी आलं तर सांगा मॅडम वेल्ह्याला गेल्या. ते म्हणाले, का, काय बिघडलं? मी म्हटलं, काहीच बिघडलं नाही, हीच तर पंचाईत आहे.

भोरहून भाटघरावरून कापूरहोळ, तिथून नसरापूर, तिथं गाडी बदलून वेल्ह्याकडे. सगळा रस्ता मी मनातल्या मनात साहेबांशी भाषण केलं. फार सुंदर झालं होतं ते भाषण. नसरापूरला तर मी हातही उंचावला, शेजारच्या मावशी जरा सरकून बसल्या.

साहेब जवळच्याच गावातली तपासणी संपवून चहाला शाळेत आले होते. मी माझं भाषण सुरू केलं.

"साहेब, मशीन चालतंय. उत्तम चालतंय. त्या शब्दाचा अर्थ इतकाच, की यापेक्षा नवीन निघालंय."

"मॅडम, यापेक्षा नवीन काय, सगळ्यातच निघतं," साहेब बशीतून चहा पीत म्हणाले. "माझी गाडीसुद्धा जुनी आहे. पण ती स्वतःच्या तोंडानं मला सांगत नाही, मी कालबाह्य आहे म्हणून. तुमचं मशीन स्वतः कबूल करतंय. शंभर ठिकाणी. लाल अक्षरांत. मी काय करू?"

"तो शब्द चुकलाय, साहेब."

"कुणी लिहिला?"

आता काय सांगू? पुण्याच्या एका प्राध्यापकांनी रोमन लिपीत लिहिला म्हणू?

"आमच्या... एका मंडळानं," मी म्हटलं.

"मंडळानं!" साहेबांना एकदम आदर वाटला. "मग झालं की. मंडळानं कालबाह्य ठरवलं, मशीननं मान्य केलं, मी नोंद घेतली. यात माझं काय चुकलं, बाई, तुम्हीच सांगा."

बाई म्हणाल्या, "साहेब, पूर्तता करायला मुदत द्या. तेवढं तरी."

साहेबांनी दिली. भले गृहस्थ होते, म्हटलं ना. पूर्ततेपुरती खोली उघडायची लेखी परवानगीही दिली. आठवड्यानं पुन्हा बघायला येतो म्हणाले.

घरी येऊन मी काकांना मेल लिहिला. सगळं लिहिलं: कागद, शिक्का, तांदूळ, मागं उभी राहणारी पोरं. म्हटलं, शब्द बदलूया. काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणाले, ताई, तुमचा अनुभव हृद्य आहे, परंतु प्रशासनाच्या अज्ञानाची शिक्षा शब्दाला का? इंजिनिअरनं लिहिलं, बघा, मी सांगत होतो आऊटडेटेड ठेवा. मी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायला बसले असते तर खालच्या चाचांपर्यंत ऐकू गेलं असतं.

मग मी ठरवलं, या पाच मशीनपुरता शब्द मीच बदलते. भाषांतराची फाईल माझ्याकडे होती, मला मंडळाची परवानगी लागत नव्हती. जिथं जिथं 'कालबाह्य' तिथं तिथं मी लिहिलं, 'नवी आवृत्ती उपलब्ध'. लाल काढून हिरवा रंग दिला. किती गोड! वाचणाऱ्याला बरं वाटेल असं. मी आणि बाईंनी पडद्याकडे बघून एकमेकींना टाळी दिली.

साहेब आले. चष्मा लावला. वाचलं. आणखी एकदा वाचलं.

"नवी आवृत्ती उपलब्ध."

"होय साहेब," बाई खुशीत.

"कधीपासून उपलब्ध?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"उपलब्ध आहे," साहेब म्हणाले, "तर मग घेतली का नाही? शंभर वस्तू उपलब्ध असताना शाळेनं एकही घेतली नाही? बाई, वर कळलं तर काय म्हणतील? उपलब्ध साधनांचा लाभ विद्यार्थ्यांना दिला नाही, असं होतं हे." आणि त्यांनी लाल पेन काढलं. "आधी निदान वस्तू कालबाह्य होत्या. त्यात तुमचा दोष नव्हता. आता तर तुमचा खुलासा मागवावा लागेल."

मला वाटलं, खाली बसावं आणि तिथंच रडावं. माझ्या गोड हिरव्या शब्दानं बाईंना नोटिशीच्या दारात नेऊन उभं केलं होतं. मी म्हटलं, साहेब, घ्यायची गरजच नाही. साहेब म्हणाले, गरज नाही तर मग मशीन कशाला सांगतंय? मी म्हटलं, माहितीसाठी. ते म्हणाले, मॅडम, सरकारी कामात माहितीसाठी काही नसतं. एकतर कार्यवाहीसाठी असतं नाहीतर फायलीसाठी.

खुलासा त्यांनी त्या दिवशी मागवला नाही. बाईंनी आणखी चार दिवस मागून घेतले. पण तांदूळ मात्र मुदतीआधीच आला. टेम्पो शाळेच्या आवारात शिरला आणि शिपाई मामांनी पोती व्हरांड्यात उतरवून घेतली, कॉम्प्युटरच्या दाराला लागूनच.

"हितंच ठेवतो," मामा म्हणाले. "आत टाकायची म्हणजे लांब जायला नको."

"मामा, आत टाकायची न्हाईत," बाई म्हणाल्या.

"अजून न्हाई ना," मामा म्हणाले, आणि तंबाखू मळायला बसले.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी त्याच पोत्यांवर बसलो. बाईंनी डबा उघडला. मी म्हटलं, बाई, आता तुम्हीच साहेब व्हा. मी शब्द सांगते, तुम्ही शेरा मारा. जो शब्द तुमच्या तावडीतून सुटेल तो ठेवायचा. बाईंनी ताबडतोब पदर खांद्यावरून घट्ट केला, पेन कानावर लावलं आणि मान वाकडी केली. इतकी हुबेहूब नक्कल, की मामा उठून उभे राहिले.

"जुनी आवृत्ती," मी म्हटलं.

"जुनी? निर्लेखित करा."

"अद्ययावत नाही."

"का नाही? खुलासा."

"सुधारणा शक्य."

"शक्य आहे तर केली का नाही? दोन खुलासे."

"मागे पडलेली."

"मागं कुणी पाडली? जबाबदारी निश्चित करा."

मी हसून हसून दमले आणि मग एकदम चिडले. तुम्ही म्हणाल हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण विचार करा. एका निरोपात तीन वेगळ्या गोष्टी. चालतंय की नाही? याहून नवं काही निघालंय का? आणि पुढं हे मिळणार आहे की नाही? इंग्रजीवाल्यांनी या तिन्हींचा एकेका शब्दात काला केला, काकांनी त्या काल्यावर संस्कृतचं तूप सोडलं, आणि मी त्यात हिरवा रंग घातला. पण बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काय हवं असतं? चालतंय का, एवढंच. ते कुणीच लिहीत नव्हतं. चालू असलेल्या गोष्टीपुढं चालू लिहायचं सोडून आम्ही तिचं वय लिहीत बसलो होतो.

"बाई," मी म्हटलं, "पहिला शब्द 'चालू'. कायम. त्याच्यापुढं दुसरं."

"चालू," बाईंनी साहेबांच्या आवाजात म्हटलं. पेन कानावरून काढलं, पुन्हा लावलं. "चालूला शेरा न्हाई मारता येत, ताई. चालूला नुसती बरोबरची खूण."

"आणि नव्या आवृत्तीचं काय? ती आहे, पण घ्यायलाच हवी असं नाही. हवी तर घ्या, नको तर राहू द्या. हे एका शब्दात?"

बाई बोट चाटत होत्या, चटणी तिखट होती. त्या थांबल्या.

"ऐच्छिक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अहो, ऐच्छिक विषय असतो न्हाई का शाळेत? घेतला तर घेतला, न्हाई घेतला तर कुणी काही म्हणत न्हाई. आजवर एकाही साहेबानं मला विचारलं न्हाई, की तुमच्या पोरांनी ऐच्छिक विषय का घेतला न्हाई म्हणून."

मी पोत्यावरून उडीच मारली. मामांनी पुन्हा उठून उभं राहावं की बसावं याचा निर्णय होईना.

तर आम्ही लिहिलं: 'चालू, नवी आवृत्ती ऐच्छिक'. आणि जी गाठोडी कुणी बनवतच नाही त्यांच्यापुढं: 'चालू, यापुढे मिळणार नाही'. रंग सगळ्यांना काळा. साधा, सरळ, शाईसारखा काळा.

आनंदाच्या भरात मी ही नवी नावं काकांनाही पाठवली. काकांनी लिहिलं, एका अवस्थेला स्वल्पविराम लागावा हा भाषेचा पराभव आहे. मंडळाच्या अधिकृत भाषांतरात कालबाह्यच राहिलं. पुढं कित्येक वर्षं राहिलं. मी भांडून भांडून थकले, मग मंडळच विरलं. असो.

चौथ्या दिवशी साहेब आले. या वेळी त्यांना घाईही होती, पानशेतकडे जायचं होतं. त्यांनी पहिल्या मशीनवर खाली खाली वाचत नेलं. चालू, नवी आवृत्ती ऐच्छिक. चालू, नवी आवृत्ती ऐच्छिक. चेहऱ्यावर हळूहळू एक शांतता पसरली, जशी जेवल्यावर पसरते.

"ऐच्छिक आहे होय," ते म्हणाले. "मग आधीच सांगायचं ना, मॅडम."

मी म्हटलं, चुकलं साहेब. माझ्या संयमाचा तो सर्वोच्च क्षण होता.

लाल पेन खिशात गेलं, निळं बाहेर आलं. बाईंनी डोळे मिटले. आणि नेमकं तेव्हाच साहेबांचं बोट थांबलं.

"हे काय? चालू, यापुढे मिळणार नाही."

तो एक खेळ होता. एक बदक तळ्यातून पलीकडे न्यायचं, मध्ये मगरी. कुणी परदेशातल्या माणसानं हौसेनं बनवला होता आणि मग सोडून दिला होता. बाईंच्या पोरांना माऊस धरायला त्या बदकानंच शिकवलं होतं.

"यापुढे मिळणार नाही, म्हणजे दुरुस्तीही नाही, सुटे भागही नाहीत," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चक्क प्रेमळ झाला. "हे खरं निर्लेखनाचं प्रकरण. एक तरी निघालं. मॅडम, मी चारदा आलो, दोनदा शेरा बदलला. माझ्या तपासणीतून काहीच निष्पन्न झालं नाही असं कसं लिहू? हे एक काढा, बाकीचं सगळं चालू म्हणून लिहितो. खोलीही मोकळी."

मी तोंड उघडलं. बाईंनी माझा हात दाबला, अगदी जोरात.

"काढते साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर काढते."

दोन पंच लागतात म्हणून मामांना आणि मला उभं केलं. बाईंनी बदकाच्या गाठोड्यावर माऊस नेला. पडद्यावर प्रश्न आला, हे पॅकेज काढायचे आहे का? होय, नाही. साहेबांनी स्वतः पुढं वाकून 'होय' दाबलं. क्षणात ती ओळ नाहीशी झाली.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "झालं?"

"झालं."

"अवशेष कुठं आहेत?"

"कसले अवशेष?" मी विचारलं.

"निर्लेखित वस्तूचे. लिलावाला काय ठेवायचं? मोडका बाक असला तरी चार फळ्या उरतात. भंगार काहीतरी उरतंच."

मी आयुष्यात इतकी बोलले, क्लासमध्ये बोलले, मंडळात बोलले, एसटीत हात उंचावून बोलले, पण मेलेल्या बदकाचं भंगार कुठून दाखवायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी टेबलाखाली वाकून बघितलं.

"अवशेष निरंक," बाई शांतपणे म्हणाल्या.

"निरंक," साहेबांनी मान डोलावली आणि तो शब्द मोठ्या समाधानानं लिहिला. निरंक म्हणजे काहीच नाही, आणि सरकारी कागदात त्याच्यासारखा सुंदर शब्द नाही, त्याच्यापुढं कुणालाच काही विचारता येत नाही. त्यांनी सही केली, दारावरचा कागद स्वतःच्या हातानं सोलून काढला आणि विचारलं, "मग तांदूळ?"

"माझ्या ऑफिसात," बाई म्हणाल्या. "मी बसेन पोत्यांच्या मधी. मला कुठं माऊस हलवायचाय."

मामांनी पहिलं पोतं खांद्यावर घेतलं आणि कुरकुरत मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाले. बाईंनी व्हरांड्यात जाऊन नववीला हाक मारली. पोरं धावत आली, दारात चपलांचा ढीग पडला, पाच मशीनपुढं पाच घोळके झाले. कुणीही भिंतीला टेकून मागं उभं राहिलं नाही.

आणि मग पहिल्या मशीनपाशी एक मुलगी ओरडली, "बाई, बदक कुठं गेलं?"

साहेब दारात बूट घालत होते, एक पायात, एक हातात.

"साहेबांनी नेलं," बाई म्हणाल्या.